खुंट्यावरचा दुसरा हात

'ताई, नमस्कार.

पत्र लिहावं की नाही, यात दोन महिने गेले. माझी अडचण ऐकून कुणालाही हसू येईल. मला काही कमी नाही, हीच अडचण आहे. वय एकेचाळीस. नोकरी आहे आणि ती आवडते. दोन मुलं आहेत, मोठा दहा वर्षांचा, धाकटी सात, दोघंही धडधाकट. नवरा स्वभावाने बरा. सासूबाई हिंडत्याफिरत्या आहेत, पण त्यांच्या तपासण्या, कागदपत्रं, डॉक्टरांच्या तारखा सगळं माझ्याकडे. पहाटे साडेपाचला गजर होतो आणि रात्री साडेअकराला पाठ टेकते. मधे कधी बसले होते, ते आठवत नाही.

बारा वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. नोकरी गेलेली, दुसऱ्यांदा गर्भपात झालेला, घरात पैशांची ओढाताण. त्या दिवसांत मी रोज देवापुढे बसून रडायचे, मागायचे. खरं सांगते, तेव्हा कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. जे मागितलं ते सगळं मिळालं. आता हात जोडले की डोक्यात दिवसाची यादी सुरू होते. डोळे उघडल्यावर हात जोडले होते की नाही, याचीही खात्री नसते. मैत्रिणीने रोज तीन गोष्टी लिहायची कृतज्ञतेची वही सुचवली. पहिल्या दिवशी लिहिलं : घर, मुलं, आरोग्य. चौथ्या दिवशीही तेच. नवव्या दिवशी ती वही राहिलेल्या कामांच्या यादीत जाऊन बसली.

मी कृतघ्न झाले आहे का? आणि माझी श्रद्धा फक्त गरजेपुरतीच होती का?

– एक वाचक

ता. क. अक्षराला हसू नका. दिवेलागणीच्या वेळी जेमतेम अर्धा तास मिळाला, तशीच अंधारात लिहायला बसले. मधेच कुणीतरी दिवा लावून गेलं, म्हणून दुसरं पान वाचता येईल.'

नमस्कार.

हसले नाही. पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी त्यातले काही शब्द मी तुमच्यासारखीच घाईत ओलांडून गेले होते. त्यांच्याकडे नंतर येते.

आधी तो जड शब्द. कृतघ्न. माणसं हा शब्द दुसऱ्याला लावतात, तुम्ही स्वतःलाच लावून मोकळ्या झालात. त्याची फोड सरळ आहे : 'कृत' म्हणजे केलेलं आणि 'घ्न' म्हणजे मारणारा. आपल्यासाठी कुणी केलेलं जो नाकारतो, पुसून टाकतो, तो कृतघ्न. त्याच्या समोर उभा असतो तो कृतज्ञ, म्हणजे केलेलं जाणणारा. सर्वज्ञमधला 'ज्ञ' तोच. आता या शब्दात शोधून बघा, ऊर भरून येणं कुठे सापडतं का? डोळे पाणावणं? अंगावर काटा? यातलं काहीच नाही. जाणणारा, एवढंच म्हटलंय. तुम्ही मात्र भावना येईल म्हणून वाट बघत बसलात, ती आली नाही, आणि स्वतःवर खटला भरलात.

कृतघ्न आणि कृतज्ञ यांच्या मधे एक मोठी गर्दी उभी आहे आणि तिच्यासाठी आपल्याकडे धड शब्दही नाही. या लोकांनी केलेलं नाकारलेलं नसतं, पण पाहिलेलंही नसतं. मान वळवायला फुरसतच मिळालेली नसते. तुम्ही त्या गर्दीत आहात. मी तिथे बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून चेहरे ओळखू येतात.

घाई माणसाचं काय करते, यावर १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, तो मला फार आवडतो, कारण त्यात देवाधर्माची माणसंच पकडली गेली आहेत. अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राचे चाळीस विद्यार्थी घेतले. शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचं, असं प्रत्येकाला सांगितलं. काहींना भाषणासाठी बायबलमधली ती गोष्ट दिली होती, ज्यात रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला एक वाटसरू उचलतो आणि त्याची सेवा करतो. वाटेत एका दाराशी एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना 'वेळ आहे, सावकाश जा' असं सांगितलं होतं, त्यांतले ६३ टक्के त्याच्यापाशी थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, निघा लवकर' म्हटलं होतं, त्यांतले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणावा असा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेली मुलंसुद्धा त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून निघून गेली.

ही मुलं दगड नव्हती, आणि त्यांची श्रद्धाही आटलेली नव्हती. घड्याळ पाठीशी लागलं होतं.

आता माझं सांगते. मुलं लहान होती, नोकरी धावपळीची होती आणि वडिलांच्या आजारपणामुळे दर शनिवार-रविवार प्रवास चालू होता. एका संध्याकाळी घरी आले तर किल्ली ऑफिसातच राहिलेली. घरात कुणी नाही, फोनही मरून पडलेला. जिन्यात बसून राहण्यावाचून इलाज नव्हता. पहिली वीस मिनिटं स्वतःवर, नवऱ्यावर आणि किल्लीवर चिडण्यात गेली. मग चिडणंही संपलं. समोर भिंतीशी घरातल्यांचे उरलेले जोड होते. माझे चालायचे बूट, मुलांचे शाळेचे, एक जोड जुन्या सपाता. बघता बघता लक्षात आलं की सगळ्यांची तोंडं जिन्याकडे आहेत. आपण बाहेरून येतो, तशीच पावलं टाकत चपला काढतो, तेव्हा त्यांची तोंडं दाराकडे राहतात. इथे एकूण एक जोड फिरवून ठेवलेला होता. धाकट्याच्या बुटाच्या नाड्याही सैल करून ठेवल्या होत्या, पाय सरळ आत जाईल अशा.

मला आठवलं, सकाळी मी कधी चपला फिरवत नाही. दार उघडते, पाय घालते, पळते. कितीतरी वर्षं अशीच पळत होते.

रात्री विचारलं. सासरे म्हणाले, 'सकाळी तुझी धावपळ असते.' एवढंच. गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस, खाली वाकायचं तर एका हाताने भिंत धरावी लागायची. कधीपासून करताय म्हटलं, तर म्हणाले, 'तू नोकरीला लागलीस तेव्हापासून.' नऊ वर्षं. आणि त्याच नऊ वर्षांत 'या घराची सकाळ मी एकटी ओढते' हे वाक्य मी किती भांडणांत वापरलं असेल, मोजलं नाही.

मला काही भरून वगैरे आलं नाही. थोडी लाज वाटली, थोडी गंमत वाटली. मी 'अहो, कशाला' म्हणाले, ते 'हात्' म्हणाले, विषय संपला. पण दुसऱ्या दिवसापासून चपलेत पाय घालताना अर्धा क्षण मला ठाऊक असायचं. घाई तेवढीच होती, एक मिनिटही वाचलं नव्हतं. 'ज्ञ' म्हणजे काय, ते मला त्या अर्ध्या क्षणात कळलं, आणि त्याहून भव्य काही मला आजवर सापडलेलं नाही.

आता तुमची वही. मैत्रिणीने सल्ला चुकीचा दिला नाही, मात्रा चुकली. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकुलॉ यांच्या २००३ सालच्या ज्या अभ्यासाचा अशा वह्यांसाठी दाखला दिला जातो, त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, दहा आठवडे. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटू लागलं. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंही आढळलं, की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं आणि तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. रोज रोज मोजलं की मोजण्याचीच सवय होते, मोजायची वस्तू दिसेनाशी होते. तुमच्यासारखी बाई तर वहीलाही हजेरीपट करून टाकणार.

दुसरी गडबड व्याकरणाची आहे. घर, मुलं, आरोग्य. हे मथळे झाले. यात कुणी काही केलेलंच नाही, मग जाणायचं काय? कृतज्ञतेला 'कृत' लागतं, म्हणजे क्रियापद हवं आणि त्याला कर्ताही हवा. 'शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझं काम वेळेवर पाठवलं आणि मला विचारलंही नाही.' 'धाकटीने स्वतःची कंपासपेटी स्वतः शोधली.' असं आठवड्यातून एक वाक्य लिहा, रविवारी किंवा तुम्हाला जमेल त्या वारी. ज्या वाक्यात तुम्हीच कर्ता असाल ते खोडा. सुरुवातीला बरीच खोडाखोड होईल.

आणि जमलं तर महिन्यातून एकदा त्या कर्त्याला ते सांगून टाका. २०१८ साली अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. मिळणाऱ्यांना तेवढं अवघड वाटलं नाही, आणि आनंद मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. मी सासऱ्यांना 'अहो, कशाला' यापलीकडे काही बोलले नाही. आता ते नाहीत.

अशीच आणखी एक युक्ती सांगितली जाते. मिळालेली गोष्ट मिळालीच नसती तर, अशी कल्पना करायची. २००८ सालच्या एका अभ्यासात, जोडीदार आपल्याला कसा भेटला हे लिहिणाऱ्यांपेक्षा, तो कसा भेटलाच नसता हे लिहिणारे आपल्या संसारावर अधिक खूश निघाले. युक्ती चांगली आहे. पण तुम्हाला ती मी सांगणार नाही, कारण तुमच्यासाठी 'नसतं तर' ही कल्पना नाही. ते घडून गेलंय. पहिल्या वाचनात मी ओलांडून गेले ते शब्द हेच.

'दुसऱ्यांदा गर्भपात झालेला.' तीन शब्द. अलीकडे गेलेली नोकरी, पलीकडे पैशांची ओढाताण, मधे स्वल्पविराम. दोनच वाक्यांनंतर 'सगळं मिळालं'. मुलं झाली, आणि सगळ्यांनी, तुम्ही धरून, तो हिशेब मिटवून टाकला. पण आलेलं मूल न आलेल्या मुलाची जागा भरत नाही, ते स्वतःची नवी जागा घेऊन येतं. जुनी जागा तिथेच असते.

माझा एक अंदाज आहे, चुकीचा वाटला तर सोडून द्या. त्या काळात तुम्हाला रडायला हक्काची एकच जागा होती, ती म्हणजे देवापुढची. नंतर मागितलेलं मिळालं, आणि आता तिथे रडणं तुम्हाला शोभेना. मिळालंय ना सगळं, मग कसली रड? तुम्हीच त्या दारावर पाटी लावलीत : येथे फक्त आभार स्वीकारले जातील. मग तिथे जाऊन करायचं काय? हात जोडायचे, ठरलेलं बोलायचं, आणि जे खरं बोलायचंय ते वर येऊ नये म्हणून डोक्यात कामांची यादी लावून ठेवायची. यादी फार उपयोगी पडते अशा वेळी. मी वर्षानुवर्षं वापरली आहे.

ती पाटी काढा. आपल्या संतमंडळींनी देवाकडे नुसते आभार पोचवलेले नाहीत. तुकोबांच्या अभंगांत रुसवे आहेत, उणीदुणी आहेत, सरळसरळ भांडण आहे. जनाबाई तर विठ्ठलाला शिव्या घालते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी कृतघ्न म्हटलेलं नाही. तेव्हा आभार सुचत नसतील त्या दिवशी तक्रार करा. जे दोन जीव आले नाहीत त्यांच्याबद्दल बोला. बारा वर्षं झाली म्हणून मुदत संपत नाही.

'श्रद्धा गरजेपुरतीच होती का?' या प्रश्नात मला आधी त्या 'पुरतीच'ची चीड येते. गरजेला हाक मारणं हलकं, असं आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. गीतेच्या सातव्या अध्यायात भजणाऱ्यांचे चार प्रकार मोजले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पहिलं नाव आर्ताचं, म्हणजे संकटात सापडून हाक मारणाऱ्याचं. पुढे ज्ञानी आपल्याला सर्वांत जवळचा असं श्रीकृष्ण म्हणतात खरं, पण त्याच दमात चौघांनाही 'उदार' म्हणतात. तुम्ही आर्त होतात. आता नाही आहात. रांगेतली जागा बदलली, एवढंच झालंय.

राहिलं ते 'कुणीतरी ऐकतंय असं वाटणं'. ते आता वाटत नाही. बरं. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यांत जगाला कळलं की या बाईंनी, मधले काही आठवडे सोडले तर, जवळजवळ पन्नास वर्षं देवाची अशी कुठलीच चाहूल अनुभवली नव्हती. आत कोरडं होतं, आणि त्या रोज उठून कामाला जात होत्या. यावर लोक दोन्ही बाजूंनी वाद घालतात. मला त्या पत्रांतून इतकंच समजलं, की 'वाटणं' बंद होतं म्हणजे नातं तुटतंच असं नाही. तुमचं तर दार नुसतं लोटलेलं आहे. तुटलं असतं तर तुम्ही दोन महिने विचार करून मला पत्र लिहिलं नसतं.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. श्रद्धा या शब्दात 'धा' हा धातू आहे. धा म्हणजे ठेवणे. मराठीनेही तेच क्रियापद धरलंय. आपण विश्वास ठेवतो, भरवसा ठेवतो, श्रद्धा ठेवतो. आणि काहीही ठेवायचं तर ते हातातून सोडावं लागतं. तुमच्या पत्रात साडेपाचपासून साडेअकरापर्यंत हातातून काय सुटतं, ते मी शोधलं. काहीच सुटत नाही. सासूबाईंच्या तारखासुद्धा तुमच्याकडे, आणि त्या नवऱ्याच्या आई आहेत.

म्हणून धावपळीमुळे श्रद्धा गेली, हे निदान मला पटत नाही. श्रद्धा तुमच्याकडे आजही आहे आणि चांगली कडवी आहे. 'मी हात काढला तर हे सगळं कोसळेल,' ही ती श्रद्धा. तिची पूजा तुम्ही रोज अठरा तास करता आणि तिच्यापुढे तुमचं लक्ष क्षणभरही विचलित होत नाही. जिचं अख्खं जग तिच्या एकटीच्या हातावर तोललेलं आहे, ती आभार कुणाचे मानणार? आणि भार टाकणार कुणावर? कृतज्ञता आणि श्रद्धा ही तुमची दोन दुखणी नाहीत, हे एकच आहे.

इथे लोक सहसा 'काम हीच पूजा' म्हणून मोकळे होतात. हे वाक्य ऐकलं की मी आधी बोलणाऱ्याचे हात बघते, बहुतेक वेळा रिकामे असतात. दमलेल्या बाईच्या पाठीवर थाप मारून तिला पुन्हा कामाला जुंपायला ते बरं पडतं. दाखले देतात संतांचे. दाखले खरेही आहेत. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, सगळी हातावर पोट असलेली माणसं, आणि काम सोडून कुणी डोंगरात गेलं नाही. पण जनाबाई काय म्हणते ते नीट ऐका. दासी होती ती, दुसऱ्याच्या घरचं दळण तिच्या वाट्याला. 'मी दळते तीच माझी पूजा, म्हणून मी दमत नाही,' असं ती म्हणत नाही. ती म्हणते, विठ्ठल येऊन माझ्याबरोबर दळू लागला. जातं ज्यांनी ओढलंय त्यांना ठाऊक आहे, एकटीने ओढणं आणि समोर कुणी बसून खुंट्याला दुसरा हात लावणं यात काय फरक पडतो. पीठ तेवढंच पडतं. खांदा मात्र दुसऱ्या दिवशी उचलता येतो.

खुंट्यावर दुसरा हात आहे, हे जनीला दिसत होतं. तो हात देवाचा होता की आणखी कुणाचा, हा वाद पंडितांनी घालावा. माझ्या चपला फिरवणारा हात सासऱ्यांचा होता, आणि मला त्या दोन्हींत फार अंतर वाटत नाही.

तर ठेवायला शिकायचं, आणि तेही लहान वस्तूपासून. देवापुढे हात जोडायच्या आधी हातातलं खरोखरच खाली ठेवा. फोन, किल्ल्या, पिशवी, जे असेल ते. पोरकट वाटेल. पण अंगाला कळतं ते मनाला उशिरा कळतं. मग एक वाक्य बोला, आभाराचं किंवा तक्रारीचं, कर्ता-क्रियापद असलेलं. मन यादीकडे गेलं तर जाऊ द्या, त्याच्यामागे पळू नका. एक वाक्य झालं की उठा.

रात्री ती यादी डोक्यातून कागदावर उतरवा. यालाही आधार आहे. २०१८ साली मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. त्याआधी पाच मिनिटं निम्म्यांना येत्या दिवसांतली कामं लिहायला सांगितली, निम्म्यांना पार पडलेली कामं. येणारी कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि जितकी बारकाईने लिहिली तितकी झोप लवकर लागली. मला यात गंमत ही वाटते की काम एकही झालेलं नव्हतं. नुसतं ठेवलं होतं. तुम्हाला हवी तर त्या कागदावर देवाचं नाव लिहा, नको असेल तर तारीख लिहा.

तिसरं जरा अवघड आहे. एक काम पूर्ण सोडा. 'मदत घ्या' असं मी म्हणत नाही. मदतीत लक्ष ठेवणं, आठवण करणं, शेवटी तपासणं हे तुमच्याकडेच राहतं, आणि दमवणारा भाग तोच असतो. काम मुळासकट द्यायचं. सासूबाईंच्या तपासण्यांच्या तारखा नवऱ्याकडे द्या, फाइलसकट. त्यांना एकदा शांतपणे बसवून सांगा आणि मग विचारू नका. एखादी तारीख पुढे जाईल, एखादा कागद घरी राहील, दोन फेऱ्या होतील. त्या दिवशी तुमचे हात शिवशिवतील. तेव्हा गप्प राहणं हे माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यांत मोठं भजन. नवरा स्वभावाने बरा आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा प्रयोगाला माणूस योग्य आहे.

यातलं काही जमलं नाही तरी पुन्हा स्वतःवर खटला भरू नका. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरलेला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आणि असं रोज, दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर हा प्रश्न कृतज्ञतेचा नाही, डॉक्टरांचा आहे. त्यांच्याकडे जा. सासूबाईंच्या तारखांमधे स्वतःची एक तारीख लिहा. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

वहीत पहिलं वाक्य काय लिहावं, असा प्रश्न पडला तर तुमचं पत्र पुन्हा काढा आणि ता. क. वाचा. पहिल्या पानावरचं अक्षर खरंच लागत नव्हतं, भिंग घेऊन बसावं लागलं. दुसरं पान सुरेख आहे, रेघ न् रेघ सरळ. 'मधेच कुणीतरी दिवा लावून गेलं,' असं लिहिलंय तुम्ही. मोठा, धाकटी, सासूबाई की नवरा? की आणखी कुणी? वाक्यात क्रियापद आहे, कर्त्याला नाव नाही. आज घरी विचारा, आणि मलाही कळवा.